बिडवईंच्या दारातलं मेज

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याण्णव सालची. सिंहस्थ होऊन दोन वर्षं झाली होती. उज्जैनमध्ये घरोघरी खिडकीच्या फटीतून केबलची तार आत आली होती, आणि जो तो म्हणत होता की आता दिवस बदलले, माणसानं स्वतःचं असं काहीतरी करायला हवं. सुलभा बिडवईनं हे वाक्य तीनदा ऐकलं आणि चौथ्यांदा स्वतः म्हटलं. घरात म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. तिनं ते महिला मंडळाच्या बैठकीत म्हटलं.

मंडळाला त्या वर्षी पंचवीस वर्षं पुरी होत होती. समारंभ तुळशीच्या लग्नाच्या दिवशी ठरला होता आणि कार्यकारिणीच्या पंचवीस बायकांनी एकसारखी साडी नेसावी असंही ठरलं होतं. अध्यक्ष मीरावहिनी शेवडे म्हणाल्या, "इंदूरहून मागवू."

"इंदूरहून कशाला?" सुलभा म्हणाली. "मी छापून देते न. भैरवगढचा छापा, पंचवीसच्या पंचवीस."

मीरावहिनींनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, पण तू शिकतेयस न अजून?"

त्या 'अजून'नं घात केला. सुलभा तेव्हा एकावन्न वर्षांची होती. दोन वर्षं टेंपोत बसून गावाबाहेरच्या भैरवगढला जात होती, इस्माइल चाचांकडे लाकडी ठशांनी कापड छापायला शिकत होती, आणि तिचे पडदे पाहून खुद्द चाचा एकदा "हूँ" म्हणाले होते. चाचांचं "हूँ" मिळायला लोकांना दहा वर्षं लागत. ती उभी राहिली आणि म्हणाली, "शिकून झालं. साड्या नाही दिल्या तर मंडळाचा राजीनामा देईन."

राजीनामा कुणी मागितला नव्हता. पण बोलून गेली खरी.

आता छपाईचं असं आहे की तिला एकच शत्रू. इस्माइल चाचा पहिल्या दिवसापासून सांगत, "बेन, रंग बिगड़े तो सुधर जाए, कपड़ा सिकुड़े तो खिंच जाए. मगर मेज हिली तो फूल रोया." घरी येऊन सुलभानं पाहिलं तर घरातली एकूण एक वस्तू हलत होती. जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली एकोणीसशे ब्याऐंशीपासून कागदाची घडी होती. दिवाण करकरायचा. दोन स्टुलांवर फळी टाकून तिनं एक ओढणी छापली, तर प्रत्येक फुलाला दोन-दोन नाकं आली.

तिचे यजमान अरविंदराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढत. अत्यंत नेटका माणूस. टोकदार पेन्सिल खिशात नसेल तर त्यांना उघड्यावर उभं असल्यासारखं वाटे. त्यांनीच बातमी आणली की आगर रोडवरचा फर्निचरचा कारखाना बंद पडला. तिथे शाळांची बाकं आणि कचेऱ्यांच्या खुर्च्या बनत. पण आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या, एकावर एक दहा रचता येत, लग्नात भाड्यानं मिळत. लाकडी खुर्ची कोण घेणार? सामानाचा लिलाव होता.

कारखान्याच्या भल्या मोठ्या रिकाम्या शेडमध्ये एक सुतारकामाचं मेज उभं होतं. नऊ फूट लांब, शिसवी, फळी चांगली वीतभर जाड. इंग्रजांच्या काळात कुठल्याशा संस्थानी वर्कशॉपमधून आलेलं. एका टोकाला लाकूड पकडून ठेवायचा शिकंजा होता, म्हणजे माणसाच्या डोक्याएवढा लाकडी जबडा आणि त्यात दोन वाटोळे लोखंडी बोल्ट. कारखान्यात दर वर्षी विश्वकर्मा जयंतीची आणि दसऱ्याची पूजा त्याच जबड्याची होत असे, त्यामुळे त्याच्यावर वर्षानुवर्षांचा शेंदूर बसून सुकून गेला होता.

मेजाशेजारी गोपाळ मिस्त्री उभा होता. चौतीस वर्षं त्यानं याच मेजावर रंधा मारला होता. सुलभानं दोन्ही हातांनी मेज हलवून पाहिलं. मग अरविंदरावांना हलवायला लावलं. मेज ढिम्म.

"नहीं हिलेगा मैडम," गोपाळ म्हणाला. "हम इसको दादा बोलते हैं. ले जाओ, किसी के काम तो आएगा. बस, साल में एक बार मीठा तेल पिलाना. दसरे पे. भूलना मत, लकड़ी बुरा मानती है."

"नाही विसरणार," सुलभा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. लिलाववाल्यानं पावती फाडली: 'एक नग मेज, लकड़ी की, पुरानी.' ती तिनं पर्समध्ये जपून ठेवली.

अरविंदरावांनी घराचं दार मोजलं होतं. मेज मोजलं होतं. ग्राफ पेपरवर दोन्हींचा नकाशा काढून बाण दाखवून सिद्ध केलं होतं की मेज आडवं करून पाय पुढे धरले की ते सहज आत जातं. कार्तिक चौकामागच्या त्या गल्लीत टेंपो शिरला नाही, म्हणून आठ हमालांनी मेज खांद्यावरून आणलं. दारातून ते खरंच आत गेलं. चार फूट गेलं. आणि थांबलं.

दाराच्या आत चार फुटांवर भिंत होती. तिथून डावीकडे वळलं की घर. एकोणीस वर्षं अरविंदराव दिवसातून चार वेळा ते वळण घेत होते, आणि इतक्या सवयीनं घेत होते की नकाशात ते काढायचं राहूनच गेलं.

"बाबूजी, अब?" मेजाखालून एक हमाल म्हणाला.

अरविंदरावांनी नकाशा उलटा धरून पाहिला. "कागदावर तर जातंय," ते म्हणाले.

"मग कागदावरच ठेवा," सुलभा म्हणाली.

गल्ली जमली. समोरचे तात्या खोचे काठी टेकत आले. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या तोफखान्यावर कारकून होते आणि तात्या अजून त्याच नोकरीत असल्यासारखे बोलत. "हे काय आहे? आमच्या पणजोबांनी याच्यापेक्षा मोठी तोफ याच्यापेक्षा लहान दरवाज्यातून नेली होती."

"कशी हो तात्या?" अरविंदराव आशेनं म्हणाले.

"भिंत पाडली."

घरमालक इंदूरला असत. त्यांना फोन लावला. 'भिंत' हा शब्द ऐकून त्यांनी फोन ठेवला. शेजारच्या पुष्पाभाभी राठौर म्हणाल्या, "छत से उतार लो भाभी, मेरी सास का पलंग ऐसे ही आया था." पण छतापर्यंत विजेच्या आणि केबलच्या तारांचं असं जाळं होतं की त्यातून चिमणीही बेतानं जात असे. शेवटचा उपाय, पाय सोडवायचे. पायांचे बोल्ट पन्नास वर्षांचे गंजलेले, गोपाळ मिस्त्रीशिवाय कुणाचं काम नव्हतं, आणि गोपाळ तराण्याजवळ आपल्या गावी गेलेला. 'नौरते के बाद आऊँगा,' म्हणजे नवरात्र झाल्यावर, असा निरोप आला.

म्हणून मेज गल्लीत, बिडवईंच्या भिंतीला लागून उभं राहिलं. दोन दिवसांत गल्लीला वाटायला लागलं की ते पहिल्यापासून तिथेच आहे. दूधवाला त्यावर कॅन टेकवी, पुष्पाभाभी मेथी निवडायला बसत, तात्या वर्तमानपत्र पसरून देश कुठे चाललाय ते सगळ्यांना सांगत. फक्त सुलभाला त्यावर काम करता येत नव्हतं. भर गल्लीत उभं राहून छपाई करायची म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या सूचना झेलायच्या, आणि ती नोकरदार घरातली बाई होती, काही झालं तरी.

पाचव्या दिवशी मेजावर नोटीस डकवलेली सापडली. सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण, तीन दिवसांत हटवा.

अरविंदराव इस्त्रीचा शर्ट घालून नगर निगमच्या कचेरीत गेले. तिथे व्यासजी नावाचे बाबू होते.

"पहिये हैं?" व्यासजींनी विचारलं.

"कशाला? म्हणजे, किसको?"

"आपकी मेज को. पहिये हों तो ठेला माना जाएगा, ठेले का फारम अलग है."

"चाकं नाहीत. पाय आहेत."

"फिर निर्माण हुआ. निर्माण का नक्शा लगेगा भिया, तीन कापी."

चोवीस वर्षांच्या नोकरीत अरविंदरावांकडे इतक्या आदरानं कुणी नकाशा मागितला नव्हता. त्यांनी दोन दिवसांची रजा काढली. मेजाचा वरून, समोरून आणि बाजूनं असा नकाशा काढला, काळ्या शाईत, उत्तर दिशेच्या बाणासकट. व्यासजी तो बघतच राहिले. मग म्हणाले, "सुंदर है. लेकिन इसमें शौचालय नहीं दिखाया."

या ये-जा करण्यात नवरात्र संपत आलं. खंडेनवमीला मराठी घरात हत्यारांची पूजा असते. बिडवईंकडे हत्यारं म्हणजे अरविंदरावांची पेनं आणि टी-स्क्वेअर, शिलाई मशीन, विळी, स्कूटर, आणि आता सुलभाचे लाकडी ठसे. सगळ्यांना हळदकुंकू लागलं. मग सुलभाला गोपाळचं बोलणं आठवलं. वाटीभर गोडं तेल घेऊन ती बाहेर गेली. मेजाला निगुतीनं तेल चोळलं. फळी चमकली, पाय चमकले, आणि जबड्यावरचा तो सुकलेला शेंदूर तेल पिऊन असा उजळला की जणू सकाळीच कुणी लावलाय. दोन वाटोळे बोल्ट तिनं पदरानं पुसले. हळदकुंकू वाहिलं. स्कूटरच्या हारातून उरलेला झेंडूचा हार घातला, नमस्कार केला आणि पुरण शिजलं का पाहायला आत गेली.

जे केलं ते नाशिकला केलं असतं, पुण्याला केलं असतं तर काही झालं नसतं. पण हे उज्जैन. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर भैरव. शेंदूर, वटारलेले दोन डोळे आणि हार, एवढ्यावर इथल्या माणसाचा हात आपोआप कपाळाला जातो. यात्रेकरूंची एक ऑटो गल्लीतून जवळच्या वाटेनं चालली होती. ती थांबली. एक म्हातारी उतरली आणि तिनं मेजावर नारळ फोडला.

आवाज ऐकून सुलभा बाहेर धावली. "अहो बाई, ये मेज है! मेज!"

"हाँ बेन," म्हातारी हात जोडून म्हणाली, "जय हो मेजवाले भेरूजी की."

रविवार भेरूजींचा, म्हणजे भैरवाचा, वार. त्या रविवारी बारा नारळ फुटले. ऑटोवाल्यांनी हे ठिकाण आपल्या फेरीत घातलं. त्यातच पुष्पाभाभींनी सहज हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा गॅसचा नंबर लागला, अकरा वर्षांनी. त्यानंतर त्यांनी मेजाचा ताबाच घेतला. सकाळ-संध्याकाळ दिवा, मंगळवारी चूरमा. मेथी त्या आता जमिनीवर बसून निवडत.

सगळ्यात मोठा प्रश्न नैवेद्याचा होता. उज्जैनच्या भैरवाला दारू चढवतात, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. अरविंदराव सकाळी दूध आणायला दार उघडत तेव्हा दारात क्वार्टरच्या दोन-तीन रिकाम्या बाटल्या उभ्या असत. हा माणूस आल्याच्या चहानंही घाबरणारा. एकदा बाटल्या पिशवीत भरून कचऱ्यात टाकायला निघाले असताना त्यांच्या खात्याचे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर समोरून आले. "क्या बिडवई, सुबह-सुबह?" एवढंच साहेब म्हणाले. अरविंदराव तीन दिवस जेवले नाहीत नीट.

व्यासजीही आले. हातात नारळ.

"नकाशाचं काय झालं?" अरविंदरावांनी विचारलं. "हटाना है न मेज?"

"राम राम, कैसी बात करते हो भिया!" व्यासजींनी चपला लांब काढल्या. "मेज थी तब तक हमारा मामला था. अब देवस्थान है. देवस्थान ऊपर का मामला है. वैसे मेरी बदली रुक जाए तो..." आणि ते डोळे मिटून मनातलं बोलायला लागले.

कोजागिरी झाल्यावर गोपाळ मिस्त्री बोल्ट सोडवायचे पाने घेऊन आला. गर्दीतून वाट काढत पुढे गेला, मेज पाहिलं आणि पान्यांची पिशवी हळूच पाठीमागे लपवली.

"गोपाळजी, पाय सोडवा," सुलभा म्हणाली. "दिवाळी आलीय. मला पंचवीस साड्या छापायच्या आहेत."

"मैडम, भेरूजी के पैर काटूँ मैं?"

"अहो, तुम्ही यावर चौतीस वर्षं खुर्च्या बनवल्यात!"

"तभी तो," गोपाळ रडवेला होऊन म्हणाला. "चौंतीस बरस इनकी छाती पे हथौड़ा मारा. अब क्या मुँह दिखाऊँ?" त्यानं मेजाला साष्टांग नमस्कार घातला आणि माफी मागत बसला.

दिवाळी आली तशी गेली. त्या वर्षीच्या करंज्या सुलभानं कशा केल्या ते तिला आठवत नाही. पंचवीस कोऱ्या साड्या पलंगाखाली गठ्ठ्यात होत्या आणि रात्रंदिवस तिच्या डोक्यात मीरावहिनींचं 'अजून' घुमत होतं. तात्या म्हणाले, "सुलू, राजीनामा लिहायचा असेल तर सांग, मी मोडीत लिहून देतो. कुणाला वाचता येणार नाही." तिला हसूही आलं नाही. ती वरच्या खोलीत गेली, कागद घेतला, 'माननीय अध्यक्ष' एवढं लिहिलं आणि पेन तसंच ठेवून खिडकीशी आली.

खाली पुष्पाभाभी भेरूजींना लाल ओढणी पांघरत होत्या.

सुलभा पाहत राहिली. मग जिना उतरून खाली गेली. "भाभी, देवाला वस्त्र चालतं?"

"क्यों नहीं? जितना चढ़ाओ."

"कोरं चढवून वरून छापलं तर?"

पुष्पाभाभींनी विचार केला. गॅसचा नंबर लागल्यापासून त्या उदार झाल्या होत्या. "सेवा है," त्या म्हणाल्या. "सेवा को कौन मना करेगा?"

सुलभा तशीच भैरवगढला गेली. इस्माइल चाचा दुसऱ्या सकाळी आले, रंगाचे डबे आणि ठसे घेऊन. मेजाजवळ त्यांनी जोडे काढले. कडेला उभे राहून दोन्ही हातांनी मेज हलवून पाहिलं, अगदी सुलभानं कारखान्यात पाहिलं होतं तसं.

"चाचा, तुम्हाला चालेल न?" सुलभानं हळूच विचारलं.

"बेन, मेज तो पहले ही नहीं हिलती थी," चाचा म्हणाले. "अब भेरूजी हैं, तो बिलकुल नहीं हिलेंगे. कंबल बिछाओ."

तीन दिवस ती छपाई चालली. फळीवर घोंगडी, त्यावर साडी. गोपाळ मिस्त्री प्रायश्चित्त म्हणून कापड ताणून धरी, तात्या खुर्चीवर बसून तोफखान्याच्या शिस्तीत गर्दी मागे हटवत, यात्रेकरू रांगेत उभे राहून वस्त्रसेवा पाहत आणि मध्येच "जय हो" म्हणत. अरविंदरावांनी टी-स्क्वेअर लावून काठाच्या रेघा आखल्या. भर गल्लीत सुलभा पदर खोचून ठसा उचलत होती, ठोकत होती, आणि येणारेजाणारे सूचना देत होतेच, पण तिला त्या ऐकूच येत नव्हत्या. फूल एकही रडलं नाही. म्हणजे एक रडलं. तिसऱ्या साडीला गल्लीतल्या सांडानं येऊन मेजाला पाठ घासली. मेज हललं नाही, सुलभा हलली.

रंग पक्के झाल्यावर साड्या उलगडल्या तेव्हा मात्र तिनं एकेक पदर उजेडाकडे धरून पाहिला. मेजाच्या जबड्याकडचं प्रत्येक साडीचं टोक, म्हणजे नेमका पदर, शेंदरी डागाचा झाला होता. घोंगडीतून तेल झिरपलं होतं. पंचवीसच्या पंचवीस साड्यांवर रुपयाएवढा शेंदरी ठिपका. धुऊन पाहिलं, रिठे लावून पाहिलं. जात नव्हता.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये बायकांनी साड्या नेसल्या. गडद लाल जमीन, काळी बुट्टी, उसाच्या मांडवाशेजारी अशा दिसत होत्या की दोघी-तिघी एकमेकींना "अय्या" म्हणाल्या. मीरावहिनींच्या वाट्याला दैवयोगानं तिसरी साडी आली होती. त्यांनी पदर हातात घेतला, चष्मा सरळ केला.

"सुलभा," त्या म्हणाल्या, "हा डाग कसला गं?"

सुलभाच्या पर्समध्ये राजीनामा होता. 'माननीय अध्यक्ष'च्या पुढेही आता तीन ओळी लिहून झाल्या होत्या. तिनं पर्स उघडली. आणि आपल्या खिडकीतून पाहिलेला मागचा रविवार तिला आठवला.

तिनं पर्स मिटली. "वहिनी," ती शांतपणे म्हणाली, "मागच्या रविवारी डोक्यावरून पदर घेऊन तुम्ही आमच्या दारात नारळ फोडलात. मग कपाळ टेकवलंत न? तिथलाच आहे तो."

मीरावहिनी लाल झाल्या. साडीहूनही. मग त्यांनी पदराचा तो ठिपका हळूच कपाळाला लावला. त्यांचं पाहून बाकीच्या तेवीस जणींनी लावला. त्या एका रडक्या फुलाबद्दल पुढे कधीही कुणी काही बोललं नाही.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मीरावहिनींच्या मुलीचं लग्न त्याच माघात जमलं, त्या शेवटपर्यंत श्रेय साडीला देत. तात्या खोचे पुढच्याच वर्षी गेले, सकाळचं वर्तमानपत्र वाचून झाल्यावर. व्यासजींची बदली थांबली नाही, त्यांना शाजापूरला पाठवलं, पण दर दसऱ्याला ते येत, बदली रद्द व्हावी म्हणून. गोपाळ मिस्त्री प्लायवूडच्या दुकानात लागला. त्यानं सुट्टीच्या दिवसांत सुलभासाठी बाभळीचं नवं मेज बनवलं, घराच्या आत बसून, आतल्या खोलीतच. ते आता बाहेर निघत नाही. इस्माइल चाचांनी ते दाबून पाहिलं आणि मरण्याआधी दुसऱ्यांदा "हूँ" म्हणाले. सुलभाच्या चादरी आणि साड्या पुढे इंदूरलाच नव्हे, पुण्यापर्यंत गेल्या. पदरावर शेंदरी ठिपका मुद्दाम काढून. पुष्पाभाभींच्या घरी आता सिलिंडर दोन आहेत, पण दिवा त्याच लावतात.

निवृत्त झाल्यावर अरविंदरावांनी गल्लीचा एक सुरेख नकाशा काढला, घरातल्या वळणासकट. तो बैठकीत फ्रेम करून लावला आहे. त्यात मेज दाखवलंय, उत्तरेच्या बाणाजवळ, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, 'तात्पुरतं'.

मेज तिथेच आहे. दोन हजार चारच्या सिंहस्थाआधी रस्ता रुंद झाला तेव्हा गल्लीतले ओटे गेले, पायऱ्या गेल्या. मेजाला वर पत्रा आला आणि खाली फरशी. सुलभा आता ऐंशी ओलांडून गेली आहे. खंडेनवमीला तेलाची वाटी घेऊन ती अजून खाली येते आणि रांगेत उभी न राहता सरळ पुढे जाते. नवा कुणी पुजारी अडवायला लागला, तर ती पर्समधून एक पिवळा पडलेला कागद काढून दाखवते.

'एक नग मेज, लकड़ी की, पुरानी.'

उज्जैनमध्ये देव पुष्कळ आहेत. पण देवाची पावती असलेली बाई ती एकटीच.